कड्यावरील माकुडी

शिवनेरीचा किल्ला पाहावयास जाणारे पुष्कळ आहेत. परंतु त्या डोंगराच्या काळ्या कपारींत लोंबणारी शिंदळ माकुडी पाहून येणारे फार थोडे. ही वनस्पती जगात केवळ सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवरच आपोआप उगवते. जुन्नरचा शिवनेरी, पुरंदराशेजारील वज्रगड व साताऱ्याजवळील सज्जनगड ही तिची ठिकाणे होत. डालझेल या वनाधिकाऱ्याने १८६० नंतरच्या दशकात तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला 'फ्रेरिया इंडिका' असे नाव दिले. पुढे शास्त्रज्ञांनी तिचे कुल बदलले, तरी फ्रिअरसाहेबांचे नाव तिला चिकटून राहिलेच आहे.

जेथे मूठभर मातीही नाही, तेथे ही जगते कशी? पावसाचे चार महिने पाणी मिळते. मग आठ महिने खडक तापत असतो. तिचे हिरवे, मांसल खोड पाणी साठवून ठेविते. पावसात पाने येतात, उन्हाळ्यात ती गळून पडतात, आणि मग पानांचे काम खोडच करिते. तिच्या भावकीतील माकडशिंगास अशी पाने नसतात, म्हणून शास्त्रज्ञांस हिचे विशेष कौतुक वाटते. पावसाळा सरता सरता रुपयाच्या नाण्याएवढे, पाच पाकळ्यांचे, गडद तांबडे फूल उमलते; त्यावर पिवळे ठिपके असतात. त्यावर माश्या येतात व परागांचे पुंजके अंगास अडकवून नेतात. बीजास रुईच्या म्हातारीसारखा रेशमी झुपका असतो. वारा नेईल तिकडे ते जाते, पण भेग सापडली तरच रुजते.

आता एक नवलाची गोष्ट सांगतो. हिची फांदी कुंडीत खोचली असता सहज मूळ धरिते. परदेशी हौशी लोकांच्या काचघरांतही ती वाढते. तेव्हा खडकावाचून तिचे चालत नाही असे नव्हे. आम्हांस असे वाटते की, कड्यावर शेळीचे तोंड व वणव्याची झळ पोहोचत नाही, म्हणूनच ती तेथे उरली आहे. रसाळ खोड कोणती शेळी सोडील?

मग कुंड्या भरून लावल्या म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. परंतु एका झाडाच्या शंभर फांद्या लाविल्या तरी ते शंभर वेळा तेच झाड. निरनिराळ्या डोंगरांवरील झाडांत जो भेद असतो तो कुंडीत येत नाही. शिवाय एका कड्यावरील सगळी उपटली गेली, तर दूरच्या गडावरून बीज येऊन तेथेच रुजणे कठीण. म्हणून शास्त्रज्ञांनी रोपे तयार करून ती कड्यांवर पुन्हा लावून पाहिली आहेत. भाद्रपद-आश्विनात गडावर जाणाऱ्या वाचकांनी कपारीकडे अवश्य दृष्टी टाकावी. हौस असेल त्याने बागेतील झाडाची फांदी मागून आणावी. कड्यावरच्यास मात्र हात लावू नये.