आधी गळती, मग सौर पॅनेल



भीमाशंकरच्या पश्चिमेला घाट उतरून गेले की मुरबाड तालुक्यात सिद्धगड लागतो. २ जानेवारी १९४३ रोजी तिथल्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने १९४२ साली मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले होते. मुंबईच्या गिरण्या त्या तारांवर चालत, म्हणून घाव तिथे घातला.

ती वीज टाटांच्या जलविद्युत केंद्रांची. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. मावळ-मुळशीचे पाणी अडवून घाटाखाली सोडायचे आणि चक्रे फिरवायची. पाणी मूळचे भीमेच्या खोऱ्यातले, म्हणजे आपल्या उसाच्या मुलखातले. मुळशीच्या धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात पुढे होते. दिवा लागला शहरात. पाणी आणि जमीन गेली खेड्यातली. आज आपली बहुतेक वीज कोळशावर होते. देशाची सरासरी धरली तर एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. आता तो बोजा खेडे आणि शहर दोघांच्याही डोक्यावर आहे.

हे सांगायचे कारण असे की इमारतींच्या विजेचा विषय निघाला की आपण म्हणतो, ते मुंबईच्या काचेच्या टॉवरवाल्यांनी बघावे. पण कारखान्याचे कार्यालय, वसाहत, शाळा, दवाखाना यांचीही वीज आहेच. हंगामात आपल्या इमारतींत जळणारे युनिट हे सहवीजनिर्मितीतून विकता आले असते असे युनिट असते. हंगाम संपला की तेच युनिट विकत घ्यावे लागते. दोन्ही वेळा पैसा उसाच्या भावातूनच जातो.

यावर सभेत लगेच सूचना येते, "गच्चीवर सौर पॅनेल टाका." सूचना चांगली आहे, पण क्रम चुकतो. पाटाला उंदरांनी बिळे पाडली असताना कोणी दुसरी विहीर खोदायला घेतो का?

एक हिशेब मांडून बघा. मोठ्या दवाखान्यात जुन्या पद्धतीच्या शंभर ट्यूब आहेत असे धरू. ट्यूब ४० वॅटची आणि तिचा चोक १५ वॅट खातो, मिळून ५५. त्या जागी २० वॅटची एलईडी ट्यूब बसवली तर प्रत्येकीमागे ३५ वॅट वाचले. शंभर ट्यूब रोज १२ तास लागल्या तर ४२ युनिट वाचतात. वर्षाला पंधरा हजारांवर युनिट आणि साडेदहा टन कार्बन वायू. आता एवढीच वीज पॅनेलवर करायची तर? आपल्याकडे एका किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. म्हणजे दहा किलोवॅटहून जास्त पॅनेल आणि हजार चौरस फुटांवर गच्ची लागली. पंख्यांचेही तसेच. जुना पंखा ७०-७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास.

खरी गंमत मोटारींची आहे, आणि ती शेतकऱ्याला लवकर कळेल. गरजेपेक्षा मोठ्या अश्वशक्तीचा पंप घ्यायचा आणि पाणी जास्त येते म्हणून व्हॉल्व्ह अर्धा आवळायचा, हे आपण विहिरीवर पाहिले आहे. मोठ्या इमारतीत वातानुकूलनाचे पंप आणि पंखे पुष्कळदा असेच चालतात. एक पाय ब्रेकवर, एक ॲक्सिलेटरवर! व्हॉल्व्ह आवळण्याऐवजी मोटारीचा वेगच कमी करा. पंख्याची वीज वेगाच्या तिसऱ्या घाताने उतरते. वेग शंभरावरून ऐंशीवर आणला तर वीज ऐंशी टक्के लागत नाही, जवळपास निम्मीच लागते. वेग बदलणारी ही यंत्रे, म्हणजे व्हीएफडी, बॉयलरच्या पंख्यांवर बसवतात. इमारतींत मात्र तिकडे लक्ष जात नाही. उंचावर पाणी चढवणाऱ्या पंपाला हा नियम असा सरळ लागू पडत नाही. तिथे योग्य अश्वशक्तीचा पंप निवडणे आणि टाकीची गळती थांबवणे हाच उपाय.

वातानुकूलनाबद्दल थोडेच सांगतो. तापमान एक अंशाने वर ठेवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. स्टार लेबल असलेल्या खोलीच्या एसीचे मूळ तापमान १ जानेवारी २०२० पासून २४ अंश ठेवणे कंपन्यांना बंधनकारक झाले. कार्यालयात २४ वर भागते. दवाखान्यात मात्र शस्त्रक्रियागृहाच्या हवेला आणि तापमानाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. बचत रुग्णाच्या जिवावर करायची नसते.

गरम पाण्याचे गणित सोपे आहे. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४ युनिट लागतात. आंघोळीला आणि धुण्याला रोज हजार लिटर लागत असेल तर चाळीस युनिट झाले. हे काम गच्चीवरचा सौर बंब करतो. पावसाळ्यापुरता विजेचा आधार ठेवावा.

मग सुरुवात कुठून करायची? मीटरपासून. कार्यालय सुटल्यावर रात्री दहाला मीटरचा आकडा लिहा आणि पहाटे पाचला पुन्हा लिहा. माणूस नसताना सात तासांत किती युनिट गेले ते कळेल. सुटीच्या दिवशीही असेच करा. बहुतेक ठिकाणी आकडा बघून चपापायला होते. कुठे पाणी तापवायचे यंत्र रात्रभर चालू, कुठे जिन्यातले दिवे, कुठे टाकी भरून वाहत असताना चालणारा पंप. यातले निम्मे काम फुकटात होते. फक्त रोज कोण बघणार त्याचे नाव ठरले पाहिजे.

दवाखान्याचे रात्रीचे आकडे वेगळे ठेवा, कारण तिथे रात्र नसतेच. तिथे या महिन्याची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा आणि शेजारी रुग्णसंख्या लिहा. बारा महिन्यांचे आकडे हातात आले की कोणती मोटार बदलायची, किती एलईडी घ्यायचे आणि शेवटी गच्चीवर किती किलोवॅट पॅनेल खरेच लागतात, हे सभेपुढे कागदावर मांडता येईल.