जुना 'अनेक कामांचा' रंधा विकत घेताना काय पाहावं?



पावसाळ्यात दोन महिने आपल्याकडे मासेमारी बंद असते. याच दोन महिन्यांत नाव काठावर पालथी पडते, सडलेली फळी निघते, फटीत कापूस-डांबर भरलं जातं. पण नेमका तेव्हाच सुतार वखर-तिफणीच्या कामात गुंतलेला असतो. म्हणून आपले बरेच नावमालक आता बसायची पाटी, तळातल्या सुट्या फळ्या, मासे ठेवायची पेटी असं लहानसहान काम घरीच करू लागले आहेत. चांगली गोष्ट आहे.

यातूनच एक प्रश्न आमच्याकडे सारखा येतो. "भाऊ, नागपूरच्या जुन्या बाजारात एक विलायती रंधा पाहिला. एकातच वीस रंधे आहेत म्हणे. घेऊ का?"

उत्तर देण्याआधी आमची चूक सांगतो. मागच्या वर्षी समितीच्या पैशातून आम्ही असाच एक रंधा आणला. आरशासारखा चमकत होता. घरी आणून जोडायला बसलो तेव्हा कळलं की खोली धरणारा थांबा नाही, एक सळई वाकलेली आणि पाती फक्त तीन. दुकानदार परत घेईना. तो हंगाम रंधा कपाटात पडून राहिला, काम सुताराला मजुरी देऊन करून घ्यावं लागलं, आणि सभेत सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागलं. पैसा सगळ्यांचा होता, तेव्हा विचारणाऱ्यांचं काही चुकलं नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा पाठ.

हा रंधा आहे तरी काय?

आपला नेहमीचा रंधा फळी सपाट करतो. हा रंधा फळीत खाच पाडतो, कडेला पायरी काढतो, एका फळीला जीभ आणि दुसरीला खाच करून दोन्ही एकमेकींत बसवतो, आणि चौकटीला गोल नक्षी देतो. त्यासाठी पातं बदलायचं, एवढंच. पूर्वी प्रत्येक कामाला वेगळा लाकडी रंधा लागायचा. ते सगळे एका लोखंडी सांगाड्यात आणले गेले.

सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे अमेरिकेच्या स्टॅनले कंपनीचा ४५ नंबर. जस्टस ट्रॉट नावाच्या कारागिराच्या पेटंटवरून तो १८८० च्या दशकात निघाला आणि १९६२ पर्यंत बनत राहिला. त्याहून मोठा आणि गुंतागुंतीचा ५५ नंबर १८९७ मध्ये आला. इंग्लंडच्या शेफिल्ड शहरातल्या रेकॉर्ड कंपनीचा ४०५ नंबर हा ४५ च्याच घाटाचा. मुंबईच्या चोर बाजारात किंवा मोठ्या शहरांच्या जुन्या बाजारांत जे दिसतात ते बहुधा याच घराण्यातले. वापरायला शिकायचं असेल तर ४५ किंवा ४०५ घ्या. ५५ च्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये.

त्याचे भाग ओळखा

भाग ओळखता आले नाहीत तर काय गहाळ आहे ते कळणारच नाही. म्हणून हे आधी पाठ करा.

मूठ असलेला मुख्य सांगाडा. त्यातून आरपार जाणाऱ्या दोन सळ्या. त्या सळ्यांवर सरकणारा दुसरा भाग. मुख्य सांगाड्याखाली आणि सरकत्या भागाखाली एकेक पातळ तळपट्टी असते, पातं या दोन पट्ट्यांच्या आधाराने चालतं. सळ्यांवरच बसणारी गाईड पट्टी, ती फळीच्या कडेला टेकते. खाच ठरल्यापेक्षा खोल जाऊ नये म्हणून खोलीचा थांबा. लाकडाच्या रेषेला आडवं काम करताना पात्याच्या पुढे रेघ चिरणारी छोटी नखं. आणि पातं घट्ट धरणारा बोल्ट व त्याची पंखवाली नट.

घेताना या क्रमाने तपासा

१) सांगाडा. हे ओतीव लोखंड आहे. पडलं की चिरतं, आणि ओतीव लोखंडाला साधं वेल्डिंग नीट धरत नाही. उन्हात नेऊन मुठीचा सांधा आणि सळ्यांची भोकं बारकाईने पाहा. चीर दिसली तर भाव विचारू नका, खाली ठेवा.

२) सळ्या. दोन्ही बाहेर काढून काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर लोळवा. वाकडी सळई लगेच उड्या मारते. सळई वाकडी असेल तर गाईड पट्टी तिरकी बसते आणि खाच एका टोकाला आत, दुसऱ्या टोकाला बाहेर जाते. बऱ्याच रंध्यांबरोबर आखूड आणि लांब अशा दोन जोड्या असतात. लांब जोडी हरवली असली तरी बहुतेक काम आखूड जोडीवर निघतं.

३) तळपट्ट्या. रंधा उलटा धरून एका टोकाकडून डोळा लावा, फळीचा वाक पाहतो तसा. दोन्ही पट्ट्या समांतर आणि एका पातळीत हव्यात. एक खाली, एक वर असेल तर रंधा डुलतो.

४) पाती. खरी किंमत इथे आहे. ४५ नंबरबरोबर कंपनी अठरा ते तेवीस पाती द्यायची, काळाप्रमाणे आकडा बदलत गेला. सगळी मिळतीलच असं नाही. आपल्या कामाला एक सूत ते चार सूत रुंदीची सरळ पाती आणि जीभ काढायचं एक पातं एवढं पुरे. प्रत्येक पात्याची सपाट पाठ पाहा. वरवरचा गंज घासून जातो, पण धारेजवळ गंजाचे खड्डे असतील तर धार कधीच अखंड होत नाही. सरळ पातं घासून मागे नेता येतं. नक्षीचं पातं घासलं की आकारच बिघडतो. दुसऱ्या कंपनीचं किंवा दुसऱ्या काळातलं पातं असेल तर बसवून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

५) बारीक सामान. थांबा, नखं, नट, स्क्रू एकेक मोजा. जुन्या स्टॅनलेच्या स्क्रूंचे आटे आजच्या बाजारातल्या मापाचे नाहीत. हार्डवेअरच्या दुकानात तो स्क्रू मिळत नाही, आणि जबरदस्तीने दुसरा घातला तर भोकाचेही आटे जातात. आम्ही नेमके इथे अडकलो.

काय नसलं तर चालतं? फळी चिरायचं वेगळं पातं आणि पुढच्या सळईवरचा छोटा टेकू नसला तरी काम अडत नाही. काय नसलं तर चालतच नाही? सरकता भाग, गाईड पट्टी, दोन सळ्या, खोलीचा थांबा, पातं धरणारा बोल्ट.

६) चमक. चमकीवर भुलू नका. या रंध्यांवर मुळात निकेलचा मुलामा असायचा, तो कुठेकुठे उडालेला असणं साहजिक आहे. बफ मारून आरसा केलेल्या रंध्यात चीर आणि खड्डे दोन्ही झाकले जातात. तपकिरी, मळका पण पूर्ण असलेला रंधा केव्हाही बरा. घरी रॉकेल आणि बारीक तारेच्या घासणीने तो साफ होतो.

७) लाकडावर चालवून पाहा. पिशवीत सागाचा हातभर तुकडा न्या. दोन सुताचं पातं लावून खाच पाडून दाखवा म्हणा. विकणारा नाही म्हणाला तर आपणही नाही म्हणायचं.

भाव कसा ठरवायचा?

आकडा आम्ही सांगणार नाही, प्रत्येक बाजारात तो वेगळा आहे. पण हिशोब सांगतो. पूर्ण रंध्याचा जो भाव मागतात, पाती नसतील तर त्याच्या निम्म्याहून जास्त देऊ नका. वर सांगितलेल्या 'चालतच नाही' या यादीतला एक जरी भाग नसेल तर तो रंधा नाही, सुटे भाग आहेत. त्याला तसाच भाव.

आणि घेण्याआधी स्वतःला विचारा की आपल्याला एकच खाच पाडायची आहे का? तसं असेल तर साधा खाचेचा रंधा स्वस्तात मिळतो. रोज वीज आणि रोज काम असेल तर विजेचं राउटर मशीन जास्त वेगाने खाच पाडतं. हा रंधा त्याच्यासाठी, ज्याला वर्षातून थोडंच पण तऱ्हेतऱ्हेचं काम आहे.

सागावर चालवताना

आपल्याकडची फळी बहुतेक सागाची. सागाच्या लाकडात वाळूसारखा कठीण अंश असतो, त्याने धार लवकर मरते. म्हणून दर थोड्या वेळाने पातं दगडावर फिरवा. या रंध्याला सपाट तळ नसल्याने पात्यापुढे लाकूड दाबून धरणारं काही नाही, त्यामुळे उलट्या रेषेने चालवलं की लाकूड उपटतं. फळीची रेषा पाहूनच दिशा ठरवा.

सुरुवात फळीच्या दूरच्या टोकाकडून करा. आधी शेवटचे चार बोटं, मग थोडं मागून, मग आणखी मागून. अशी खाच पडत गेली की रंधा पुढे आपोआप तिच्यातच चालतो. डाव्या हाताने गाईड पट्टी फळीला दाबून धरायची, उजव्या हाताने फक्त ढकलायचं. पातं तळपट्टीच्या बाजूने केसभर बाहेर असू द्या, नाहीतर रंधा खाचेत अडकतो.

एक इशारा. जीभ-खाचेचा जोड बसायच्या पाटीला, पेटीला, तळातल्या सुट्या फळ्यांना ठीक आहे. नावेच्या बाहेरच्या अंगाला तो परस्पर करू नका. पाण्यात फळी फुगते, आणि तिथे फट कशी ठेवायची, कापूस किती भरायचा हे नाव बांधणाऱ्या जाणत्या माणसाला विचारूनच करा. तिथे जीव पणाला लागतो.

शेवटची गोष्ट

यंदा समितीकडे दुसरा रंधा आला. आपल्याच तालुक्यातल्या एका घरातले बाबा सुतारकाम करायचे. ते गेल्यावर त्यांची पेटी कोपऱ्यात पडून होती. घरच्या ताई म्हणाल्या, "भंगारवाला किलोवर घेतो म्हणाला, तुम्हाला हवा तर तुम्ही न्या." आम्ही पेटी उघडली. मळका, काळा पडलेला रंधा, पण एकूण एक भाग जागेवर. पाती तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली.

भंगाराच्या भावात घेता आला असता. पण आम्ही ताईंना वरचा सगळा हिशोब समजावला, बाजारात पूर्ण रंध्याला काय मागतात ते सांगितलं आणि सभेची मंजुरी घेऊन तोच भाव दिला. म्हणून हा पाठ घेणाऱ्यांइतकाच घरात जुनी पेटी असणाऱ्यांसाठीही आहे. किलोवर देण्याआधी एकदा उघडून पाहा, भाग मोजा.

तो रंधा आता समितीच्या खोलीत आहे. ज्यांना पाहायचा, हातात धरायचा, खाच पाडून पाहायची आहे त्यांनी जरूर यावं. सागाचा तुकडा आपला आणावा. आणि जुना रंधा घ्यायला जाणार असाल तर आधी आम्हाला सांगा, आमच्यातला एकजण बरोबर येईल.

आपला,
सचिव, समितीच्या वतीने