जाळ अंगणात, उजेड घरात

बाळा, वेल्ह्याच्या जुन्या जागेवर घर बांधतोयस आणि हॉलमध्ये लाकडाची फायरप्लेस पाहिजे म्हणतोस, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. हौस मला कळते. तोरण्यावरून ढग खाली उतरला की कुणालाही जाळापाशी बसावंसं वाटतं. तालुक्याचं नाव आता राजगड झालं, तरी थंडी अजून वेल्ह्याचीच आहे. पण तुझ्या आत्याने आधी तिथे आणि मग भोरला, जन्मभर चुली फुंकल्यात. तेव्हा गवंड्याला सांगायच्या आधी एवढं वाच.

१. आधी मनाशी ठरव, तुला ऊब पाहिजे की उजेड — दोन्ही एकाच जाळाकडून मागितलं की दोन्ही अर्धंमुर्धं मिळतं आणि धूर मात्र पुरा मिळतो.

२. आजीच्या घरात चूल होती म्हणून तुझ्याही घरात खपेल असं धरू नकोस — त्या घराला कौलं होती. फटीफटीतून धूर वर जायचा आणि जाताजाता वासे काळे करून भुंग्यापासून राखायचा. तुझ्या घराला स्लॅब आणि सरकत्या काचा. धूर कौलाला मानवतो, स्लॅबला नाही.

३. धुराड्याचा हट्ट असेल तर आपला जुलै आठव — स्लॅबला पाडलेलं भोक चार महिने गळतं आणि उरलेले आठ महिने त्यात पाखरं घरटी करतात. शिवाय जाळापाशी बसावंसं वाटतं ते पावसातच, आणि नेमकी तेव्हाच लाकडं ओली असतात.

४. पेटलेल्या कोळशांची शेगडी बंद खोलीत नेऊ नकोस. एका रात्रीपुरतीही नाही — निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, आणि रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींनी जास्त चिकटतो. तुझा दादा तान्हा होता तेव्हा पौषातल्या एका रात्री मी पाळण्याजवळ शेगडी ठेवली आणि वारा येतो म्हणून दाराखाली पोतं कोंबलं. मध्यरात्री सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि उंबऱ्यापाशीच मटकन बसल्या. माझ्या डोक्यात घण पडत होते, पाय उचलत नव्हते. बाळ हलवलं तरी डोळे उघडेना. सासूबाईंनी सरपटत जाऊन कडी काढली, पोराला पडवीत गार वाऱ्यात धरलं, तेव्हा कुठे ते रडलं. तसं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही. झाकल्या निखाऱ्याला धूर नसतो, पण दात असतात.

५. गॅसच्या हीटरलाही हाच नियम, खिडकी बोटभर उघडी — निळी ज्योत स्वच्छ दिसली तरी श्वास तीही खोलीतलाच घेते.

६. इथेनॉलवर जळणारी शोभेची चूल घ्यायचीच असेल तर ती पूर्ण गार झाल्याशिवाय वरून इंधन ओतू नकोस — भर उजेडात तिची ज्योत डोळ्याला दिसत नाही. विझली असं वाटतं आणि भडका बाटलीपर्यंत येतो. घरात लहान मूल असेल तर मी म्हणेन, नकोच.

७. विजेवरची, ज्वाळा दाखवणारी पेटी घेताना उजेडाचं आणि हीटरचं बटण वेगळं आहे ना बघ — दोन हजार वॉटचा हीटर तासाला दोन युनिट खातो, आणि नऊ वॉटचा एलईडी एका युनिटात शंभर तासांवर जळतो. वाफेवर ज्वाळा दाखवणारी तर आपल्याकडे आणूच नकोस. पावसाळ्यात आधीच भिंतींना बुरशी येते.

८. हीटरसाठी पंधरा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आत्ताच काढून घे — एक्स्टेंशनच्या वायरीवर हीटर चालवला की वायर तापून वितळते, आणि ती बहुतेक सोफ्यामागेच असते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरही त्याला लावू नकोस.

९. ऊब खोलीला देण्यापेक्षा पाठीला दे — गरम हवा वर छतापाशी जाऊन बसते आणि आपण बसतो खाली. दोन जुन्या नऊवारींची गोधडी, वर घोंगडी आणि हातात कुळथाच्या कढणाची वाटी. एवढ्यावर आमचे आईवडील म्हातारे झाले.

१०. बल्ब पिवळसरच घे, खोक्यावर २७०० केल्व्हिन लिहिलेला, आणि तो कमरेच्या खाली कुठेतरी ठेव — जाळ नेहमी जमिनीलगत असायचा, म्हणून खालून आलेला उजेड डोळ्यांना घरचा वाटतो. छतावरून पडला की दुकानात बसल्यासारखं होतं.

११. आणि हे माझ्या सगळ्यात मनातलं. फायरप्लेसच्या जागी गवंड्याकडून भिंतीत दोन दिवळ्या ठेवून घे, हातभर उंच, आतून चुन्याने रंगवलेल्या — एका पणतीचा उजेड चुन्यावर पसरून दुप्पट होतो आणि ज्योतीला वाराही लागत नाही. आपल्या जुन्या घरात माजघराच्या दाराशी अशीच एक होती. तिच्या माथ्यावर काजळीचा पानासारखा डाग पडलेला, आणि आई दर दिवाळीला घर सारवायची, पण तो डाग पुसायची नाही.

१२. समईत तिळाचं तेल घाल, वातीचा जळका शेंडा रोज काढ, खाली ताट ठेव आणि निजायच्या आधी शांत कर — काजळलेली वात धूर जास्त करते, आणि झोपलेल्या घरात जागी ज्योत नको.

१३. खऱ्या शेकोटीची हौस अंगणात भागव, पण तिच्याभोवती ओढ्यातले दगड रचू नकोस — आत मुरलेलं पाणी तापलं की दगड फुटतो आणि कपच्या तोंडावर येतात. विटा लाव.

१४. शेकोटीत प्लायवूड, रंग दिलेली फळी, प्लास्टिक नको — तो धूर शेजारच्या म्हातारीच्या छातीत जातो. आपल्या बांधावरच्या वाळक्या काटक्या भरपूर झाल्या. डोंगरातलं झाड तोडू नकोस.

१५. उठताना बादलीभर पाणी ओत, राख काठीने हलव, पुन्हा ओत — वरची राख थंड असते, पोटातली नसते. माघ सरला की शेकोटी बंदच कर. तेव्हा डोंगराचं गवत वाळलेलं असतं आणि ठिणगी वाऱ्याने कुठवर जाईल सांगता येत नाही.

१६. कंदील विकत आणू नकोस. आजोबांचा माझ्याकडे माळ्यावर आहे, काच अजून शाबूत आहे. रेशनवरचं रॉकेल आता मिळेनासं झालंय, म्हणून त्यात पेट्रोल किंवा थिनर कधी घालू नकोस — भडकतं. आत छोटा बॅटरीचा दिवा बसवून घे. काच मी राखेने घासून ठेवते, रविवारी येऊन घेऊन जा.