तळपायांची आग : मधुमेहातील वेदनेचा शोध

मधुमेहाच्या अनेक रुग्णांचे तळपाय रात्री अंथरुणावर पडताच जळू लागतात. मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखे वाटते. पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. पायावर जखम दिसत नसल्याने घरच्यांना ही तक्रार कित्येकदा खरी वाटत नाही. वस्तुतः इजा झालेली असते, ती मज्जातंतूंना.

साखरेचे दुष्परिणाम

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की ती मज्जातंतूंतही प्रमाणाबाहेर साठते. तेथे तिच्यातील काही भागाचे सॉर्बिटॉल बनते व या क्रियेत पेशींचे रक्षण करणारी द्रव्ये खर्ची पडतात. मज्जातंतूंना रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्याही जाड होऊन प्राणवायूचा पुरवठा घटतो. या निरनिराळ्या हानींचे मूळ तंतुकणिकांतून बाहेर पडणाऱ्या अतिरिक्त सुपरऑक्साइडमध्ये आहे, असा सिद्धान्त अमेरिकी संशोधक मायकेल ब्राउनली यांनी २००१ साली मांडला. पायांकडे जाणारे तंतू सर्वांत लांब असल्याने विकाराचा प्रारंभ बहुधा बोटांपासून होतो.

जखमेविना वेदना

जर्मनीतील हायडेलबर्ग येथील बीअरहाउस व त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. साखरेच्या विघटनातून निर्माण होणारे मिथाइलग्लायॉक्झल वेदनावाहक तंतूंवरील सोडियमच्या एका मार्गिकेला चिकटते व ते तंतू अकारण उत्तेजित होतात, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले. संदेश वेदनेचा जातो. बाहेर मात्र कारण दिसत नाही.

उपाय व दक्षता

प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन यांसारखी औषधे वेदना सौम्य करतात. तंतू पूर्ववत करीत नाहीत. म्हणून प्रतिबंधास महत्त्व. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखरेच्या काटेकोर नियंत्रणाने हा विकार सुमारे ६० टक्क्यांनी घटला. दुसऱ्या प्रकारात हा लाभ तुलनेने कमी आढळतो.

आग थांबली म्हणजे रोग बरा झाला, असे मानणे धोक्याचे आहे. कधी कधी ती संवेदना नष्ट झाल्याची खूण असते. मग काटा रुतला, चप्पल चावली, ऊन पाण्याने पाय भाजला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. रुग्णाने रोज तळपाय न्याहाळावेत, अनवाणी चालू नये, वर्षातून एकदा पायांची तपासणी करून घ्यावी. ग्रामसभेत व शाळेतील पालकसभेत एवढे सांगितले गेले, तरी कित्येकांचे पाय वाचतील.