गर्भाशयातील गाठी आणि आपले ताट

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझी धाकटी मावशी आमच्याकडे सोलापूरला आली. वय एकतीस, लग्नाला नऊ वर्षे झालेली, मूल नाही. हातात सोनोग्राफीचा कागद होता आणि तोंडात एकच वाक्य : "पिशवी काढायला सांगितलंय बघ." एका खाजगी दवाखान्यात तिला गर्भाशयात दोन गाठी असल्याचे सांगण्यात आले होते. पुढेमागे त्यांचा कॅन्सर होईल, तेव्हा गर्भाशयच काढून टाकलेले बरे, असा सल्ला मिळाला होता. आमच्या शेजारच्या काकूंनी लगेच दुसरा सल्ला दिला. डाळिंब खा, काढा घे, पोटाचे व्यायाम कर, गाठ आपोआप विरघळते.

या दोन सल्ल्यांपैकी खरा कोणता, या प्रश्नाने मला त्या सुट्टीत झोप लागू दिली नाही. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे, वैद्यकाची नव्हे. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते समजून घेण्यासाठी आहे, औषधयोजना म्हणून नाही, एवढे प्रारंभीच सांगते.

गर्भाशय हा मुळात स्नायूंचा अवयव आहे. या स्नायूतील एखादी पेशी वाढत सुटते आणि तिच्यापासून रबरासारखी टणक, पांढरट गाठ तयार होते. तिलाच फायब्रॉईड म्हणतात. स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर ती पोसली जाते. म्हणून पाळी सुरू होण्यापूर्वी ती आढळत नाही आणि पाळी गेल्यावर बहुधा आकसते. ही गाठ म्हणजे काही दुर्मिळ आपत्ती नव्हे. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले की, वयाच्या पन्नाशीपर्यंत तेथील सुमारे ७० टक्के गोऱ्या व ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांना या गाठी होतात. त्यांतील पुष्कळजणींना त्याचा पत्ताही नसतो, कारण त्रासच नसतो.

गाठ किती मोठी यापेक्षा ती कोठे आहे, हा प्रश्न महत्त्वाचा. गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला लोंबणारी गाठ लिंबाएवढी असो की पेरूएवढी, ती लघवीची पिशवी दाबील, ओटीपोट जड करील. पण पाळीवर किंवा गर्भधारणेवर तिचा परिणाम सहसा होत नाही. भिंतीच्या जाडीत असलेल्या गाठीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु आतल्या पोकळीत डोकावणारी गाठ बोराएवढी असली तरी पाळीच्या वेळी अंगावरून फार जाते, आणि गर्भ रुजण्याच्या जागीच ती अडथळा होऊन बसते. मावशीच्या कागदावर या दोन्ही प्रकारच्या गाठी होत्या. सहा सेंटिमीटरची बाहेरच्या अंगाला, आणि जेमतेम दोन सेंटिमीटरची आत. घरातील सर्वांचे लक्ष अर्थातच मोठीवर होते!

आता कॅन्सरच्या भीतीकडे वळू. साध्या गाठीचे पुढे कर्करोगात रूपांतर होते असे सहसा घडत नाही. गाठ समजून काढलेल्या गोळ्यात कर्करोग निघण्याचे प्रमाणही शेकडा एकाहून कमी असते, आणि तेही बहुतेक उतारवयात. पाळी गेल्यानंतर गाठ वाढू लागली किंवा पुन्हा रक्त जाऊ लागले तर मात्र ताबडतोब तपासणी हवी. एकतीस वर्षांच्या बाईला सरसकट ही भीती घालणे योग्य म्हणता येत नाही.

या भीतीची किंमत बीड जिल्ह्याने मोजली आहे. दसरा-दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोड कामगारांच्या गाड्या आपल्या सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांकडे येतात, हे आपण दरवर्षी पाहतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस जरी चुकला तरी खाडा भरावा लागतो. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत विसावा नाही. २०१९ साली तेथील स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, तेव्हा शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे शेकडा जवळजवळ सतरा. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३.३ टक्के होते. या सर्वांना गाठी होत्या असे नव्हे. कोणाला पांढरे जात होते, कोणाचे ओटीपोट दुखत होते. पण "पुढे कॅन्सर होईल" हे वाक्य त्यांतील कितीतरी जणींनी ऐकलेले होते, आणि पाळीच नको म्हणजे खाडाही नको, हा हिशेब त्यांच्यापुढे होताच. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहार, छत्तीसगड व राजस्थानातील अशाच शस्त्रक्रियांसंबंधीच्या याचिकेवर निकाल दिला आणि अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश दिला.

गर्भाशय काढल्यावर गाठीचा प्रश्न मिटतो, यात शंका नाही. काही स्त्रियांना तो उपाय खरोखरच लागतो. परंतु मूल होण्याची शक्यताही त्याबरोबर कायमची संपते. सोबत बीजकोश काढले गेले तर तिशीतच म्हातारपणाचे विकार सुरू होतात. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो.

मग उरतो काकूंचा सल्ला. येथे मला सर्वांत उपयोगी पडला तो रक्ताचा हिशेब, म्हणून तो सविस्तर मांडते.

निरोगी स्त्रीच्या एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. एका पाळीत साधारणतः तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जाते. ऐंशीच्या वर गेले की ते प्रमाणाबाहेर समजतात. आतल्या गाठीमुळे एखादीचे १६० मिलिलिटर रक्त गेले, तर ८० मिलिग्रॅम लोह गेले. अठ्ठावीस दिवसांवर ते वाटले तर रोजचे जवळजवळ तीन मिलिग्रॅम झाले. त्वचा, आतडी इत्यादींवाटे प्रत्येकाचे रोज सुमारे एक मिलिग्रॅम जातेच. म्हणजे रोजचा खर्च चार मिलिग्रॅम. आता जमेची बाजू. उत्तम शाकाहारी जेवणातून रोज वीस मिलिग्रॅम लोह पोटात गेले, तरी त्यातील शेकडा पाच ते आठच रक्तात उतरते; म्हणजे एक ते दीड मिलिग्रॅम. रक्त कमी झाले की शरीर शोषण थोडे वाढवते, तरीही तूट भरून निघत नाही. पगार दीड रुपया आणि खर्च चार रुपये, असा हा संसार आहे. मावशीचे हिमोग्लोबिन ७.४ निघाले. बारापेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय, असे जागतिक आरोग्य संघटनेचे माप आहे. या मापाने महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असे वर उल्लेखिलेली पाहणीच सांगते. त्यात पुन्हा गाठ!

तेव्हा आहार व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. आहार गाठ विरघळवीत नाही, परंतु रक्त उभे करायला मदत करतो. आणि आपल्या भागातील साधे जेवण या कामी चांगलेच आहे. ज्वारीबरोबर आठवड्यातून दोनतीन दिवस बाजरी, हुलग्याचे माडगे किंवा मटकीची उसळ, राजगिऱ्याची भाजी, तीळ, आळिवाचे लाडू; जे मांसाहार करतात त्यांना थोडे मटण किंवा कलेजी. मांसातील लोह धान्यातील लोहापेक्षा अधिक सहज शोषले जाते. भाजीवर लिंबू पिळले किंवा जेवणात आवळा, पेरू असला की धान्या-भाजीतील लोहही अधिक मिळते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला की चहातील टॅनिन ते लोह अडवून धरते. आमच्याकडे भाकरी खाऊन हात वाळायच्या आत चहा लागतो. ती सवय मोडणे मावशीला औषधापेक्षा जड गेले.

डाळिंबाविषयी मात्र आपल्या जिल्ह्याची क्षमा मागून लिहावे लागते. आपल्या केगावला डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि फळ उत्तम आहे, पण त्यात लोह अगदी थोडे असते. रंग लाल म्हणून रक्त वाढते, हा तर्क बिटालाही लावला जातो आणि तेथेही तो फसतो.

गाठ होऊ नये म्हणून आहाराचा उपयोग होतो का, याविषयी संशोधन झाले आहे. इटलीत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाठी असलेल्या स्त्रियांत लाल मांस खाण्याचे प्रमाण अधिक व हिरव्या भाज्यांचे कमी आढळले. परंतु आपल्या संशोधनपद्धतीच्या पेपरात शिकवतात ते येथे आठवावे : दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. भाज्या खाणारी स्त्री आणखी दहा बाबतींत वेगळी असू शकते. भाज्या खाव्यात, त्याला गाठीचे निमित्त कशाला हवे?

गोळ्या आणि पूरक औषधे यांचा बाजार मोठा आहे. त्यातील लोहाची गोळी ही खरी उपयुक्त. 'ॲनिमिया मुक्त भारत' योजनेत स्त्रियांना आठवड्याला एक लाल गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती प्रतिबंधासाठी आहे. रक्त आधीच उतरलेले असेल तर जास्त मात्रा लागते, ती डॉक्टरांनी ठरवावी. शौच काळे होते म्हणून पुष्कळजणी गोळ्या सोडून देतात, पण त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मूल हवे असलेल्या स्त्रीने गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे, हाही सर्वमान्य नियम. तो बाळाच्या मज्जारज्जूसाठी आहे, गाठीसाठी नव्हे.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी. अमेरिकेतील २०१३ च्या एका पाहणीत, ज्यांच्या रक्तात ते पुरेसे होते त्यांच्यात गाठींची शक्यता सुमारे एकतृतीयांशाने कमी दिसली. तपासून कमतरता निघाली तर ते जरूर घ्यावे. मनाने भरमसाट घेतले तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण येतो. त्याच वर्षी इजिप्तमध्ये हिरव्या चहाच्या अर्काने गाठी लहान झाल्याचे एका प्रयोगात आढळले, पण तो प्रयोग अवघ्या तेहतीस स्त्रियांवर झालेला, चार महिन्यांचा. शिवाय असा तीव्र अर्क काहींच्या यकृताला बाधतो. काढे व गुग्गुळ यांनी गाठ विरघळते असे भक्कम प्रयोगांनी सिद्ध झालेले नाही. कोणी घ्यायचे ठरवलेच तर निदान डॉक्टरांपासून ते लपवू नये.

व्यायामाने गाठ दबत नाही. मात्र शरीरातील चरबीतही इस्ट्रोजेन तयार होते. त्यामुळे वजन आटोक्यात ठेवण्याला अर्थ आहे, आणि अंडाशयाचे कार्यही त्याने सुधारते. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने रोज अर्धा तास भरभर चालणे त्यासाठी पुरे. परंतु हिमोग्लोबिन सातवर असताना चालायला लावले तर बाई धापा टाकील. आधी रक्त, मग व्यायाम. आणि हे वाक्य लिहिताना मला ऊसतोडीच्या बायका आठवतात. पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या बाईला व्यायामाचा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा? तिला विसावा हवा आहे.

गर्भाशय न काढता केवळ गाठ काढता येते, ही माहिती आमच्या घरात कोणालाच नव्हती. या शस्त्रक्रियेचा हिरिरीने पुरस्कार करणारे इंग्रज शल्यविशारद व्हिक्टर बॉनी यांच्या पत्नीचे गर्भाशय लग्नानंतर अशाच गाठींमुळे काढावे लागले होते. त्यांना मूल झाले नाही. बॉनींनी पुढे शेकडो स्त्रियांच्या गाठी गर्भाशय राखून काढल्या. आज आतल्या पोकळीतील गाठ पोट न उघडता, खालच्या वाटेने दुर्बिणीतून काढता येते. रक्तस्राव रोखणारी औषधेही आहेत. काढलेल्या गाठींच्या जागी पुढे नव्या होऊ शकतात, हेही खरे.

दुसऱ्या डॉक्टरांनी मावशीला तेच सांगितले. आधी चार महिने रक्त वाढवा, मग आतली लहान गाठ काढू, बाहेरची मोठी तशीच राहू द्या. गोळ्या, हुलगे, लिंबू आणि चहाची उपासमार यांनी हिमोग्लोबिन ११.२ वर आले. चैत्रात लहान गाठ काढली, दुसऱ्या दिवशी ती घरी आली. आता पाळी चार दिवसांत आटोपते.

मूल मात्र अद्याप नाही. त्याच डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले होते, "यजमानांची तपासणी केली का?" केवळ गाठींमुळे मूल न होण्याचे प्रमाण शेकडा दोन-तीनच असते, आणि मूल नसलेल्या जोडप्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिक ठिकाणी पुरुषाकडील कारणही असते. एक साधी वीर्यतपासणी, अर्ध्या दिवसाचे काम. नऊ वर्षांत मावशीच्या तीन सोनोग्राफ्या झाल्या, उपास झाले, नवस झाले. काकांना मागच्या महिन्यात मी स्वतः विचारले. ते म्हणाले, "बघू की, हंगाम संपू दे."