गुहा, कंदील आणि खेळ

जपान देशात क्योटो नावाचे एक प्राचीन नगर आहे. त्या नगराच्या वायव्येस, डोंगरांच्या कुशीत, सोनोबे हे लहानसे गाव वसले आहे. तेथे 16 नोव्हेंबर 1952 रोजी शिगेरू मियामोटो याचा जन्म झाला. त्याच्या घरी प्रारंभीची काही वर्षे दूरचित्रवाणी नव्हती. पुस्तके वाचावी, चित्रे काढावी, बाहुल्या कराव्या आणि एवढ्यानेही मन भरले नाही म्हणजे रानात भटकावे, हाच त्याचा आवडता उद्योग होता.

शिगेरू सात-आठ वर्षांचा असताना भटकता भटकता त्याला जमिनीत एक विवर दिसले. आत डोकावून पाहतो, तो निबिड अंधार! त्या वेळी तो माघारी फिरला. परंतु त्या अंधारापलीकडे काय असेल, हा विचार त्याला स्वस्थ बसू देईना. अखेर मनाचा हिय्या करून आणि हाती कंदील घेऊन तो आत शिरला. आत एक लहानशी गुहा होती. तिच्यातून एक अरुंद वाट निघे आणि ती दुसऱ्या गुहेत जाऊन पोहोचे. त्या उन्हाळ्यात शिगेरू तेथे पुन्हा पुन्हा गेला. भिंतीवर हलणारी आपलीच सावली पाहून त्याच्या अंगावर काटा येई, तरीही पाऊल पुढेच पडे.

असेच एकदा नकाशा न घेता डोंगरात हिंडत असताना त्याला अवचित एक तळे दिसले आणि तो आश्चर्याने थक्क झाला. शेजारच्या एका कुत्र्याची आठवणही त्याच्या मनात घर करून राहिली. तो कुत्रा एकदा त्याच्यावर झेपावला. पण गळ्यातील साखळी ताणली गेल्यामुळे त्याच्यापर्यंत पोहोचू शकला नाही. असे प्रसंग पुष्कळांच्या बालपणी घडतात आणि मोठेपणी विस्मरणात जातात. शिगेरूने मात्र ते मनात जपून ठेवले.

पुढे त्याने औद्योगिक रचनाकलेचे शिक्षण घेतले आणि 1977 साली तो क्योटो येथील निंटेंडो या कंपनीत कामास लागला. ही कंपनी 1889 साली स्थापन झाली होती आणि आरंभी ती फुलांची चित्रे असलेले जपानी खेळाचे पत्ते तयार करी. कालांतराने ती विजेवर चालणारे खेळ करू लागली. मियामोटो यांनी रचलेला ‘डाँकी काँग’ हा खेळ 1981 साली प्रसिद्ध झाला. त्यात उड्या मारणारा एक बुटका सुतार होता. पुढे मारिओ या नावाने जगभर ओळखला गेलेला तो हाच.

मारिओच्या डोक्यावर टोपी आणि नाकाखाली झुबकेदार मिशी का आहे, याचे कारण मोठे मनोरंजक आहे. त्या काळच्या यंत्रांना पडद्यावर एक आकृती काढण्यासाठी अगदी थोडे ठिपके वापरता येत. इतक्या कमी ठिपक्यांत केस नीट दिसेनात, म्हणून टोपी आली. तोंड काढता येईना, म्हणून मिशी आली. साधनांची उणीवच अशा रीतीने त्या पात्राची ओळख ठरली.

1983 साली निंटेंडोने दूरचित्रवाणी संचाला जोडून घरीच खेळता येईल असे ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र विक्रीस आणले. 13 सप्टेंबर 1985 रोजी त्यावर खेळण्यासाठी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ निघाला. हा संपूर्ण खेळ अवघ्या 40 किलोबाइट जागेत बसवलेला होता. आजच्या भ्रमणध्वनीवर काढलेल्या एका छायाचित्राला याच्या कितीतरी पट जागा लागते. जागा वाचवण्यासाठी आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांकरिता एकच चित्र वापरले होते. ढगाला पांढरा रंग दिला आणि झुडपाला हिरवा, एवढाच काय तो फरक! 1988 सालच्या तिसऱ्या मारिओ खेळात साखळीला हिसके देत अंगावर धावून येणारा एक काळा गोळा आहे. सोनोबेचा तो कुत्राच या रूपाने खेळात आला होता.

1986 साली ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा खेळ आला. या खेळाच्या आरंभी लिंक नावाचा एक मुलगा मोकळ्या माळावर एकटाच उभा असतो. कोठे जायचे, काय करायचे, हे त्याला कोणी सांगत नाही. समोर एका गुहेचे काळे तोंड दिसते. धीर करून आत गेले, तर तेथे एक वृद्ध पुरुष त्याला लाकडी तलवार देतो. पुढे भुयारांतील काही दालने इतकी अंधारी आहेत, की हाती मेणबत्ती असल्याशिवाय त्यांत काही दिसत नाही. ही गुहा आणि हा उजेड मियामोटो यांनी कोठून आणला, हे निराळे सांगावयास नको.

हा खेळ एकाच बैठकीत संपण्यासारखा नव्हता. त्याची भूमी पडद्याएवढ्या 128 भागांत पसरलेली होती. मुले चौकटींच्या कागदावर तिचे नकाशे काढीत आणि सापडलेल्या गुप्त वाटा दुसऱ्या दिवशी शाळेत मित्रांना सांगत. पण आज जेथे थांबलो तेथून उद्या पुढे जाता यावे, यासाठी यंत्राला आठवण ठेवावी लागे. 1987 साली अमेरिकेत हा खेळ सोनेरी रंगाच्या कॅसेटमध्ये विकला गेला. त्या कॅसेटमध्ये एक लहानसा सेल बसवलेला होता.

हा सेल काय करीत असे? कॅसेटमध्ये स्मृती दोन प्रकारची असते. मूळ खेळ शिलालेखासारखा कायमचा कोरलेला असतो. वीज नसली तरी तो पुसला जात नाही. खेळणाऱ्याचे नाव आणि त्याने केलेली वाटचाल मात्र पाटीवरील अक्षरांसारखी असते. विजेचा अगदी क्षीण प्रवाह सतत मिळत राहिला तरच ती टिकते. यंत्र बंद असताना हा प्रवाह सेल पुरवतो. त्याचा आकार नाण्याएवढा, व्यास 20 मिलिमीटर आणि दाब 3 व्होल्ट. त्या कॅसेटमध्ये तीन जणांची नावे राहू शकत आणि प्रत्येक नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचे असे.

असा सेल साधारणपणे पंधरा-वीस वर्षे टिकतो. काही त्याहूनही अधिक काळ टिकतात. परंतु कधीतरी तो संपणारच आणि तो संपताच नावेही नाहीशी होतात. माळ्यावर पडलेली जुनी कॅसेट वीस-पंचवीस वर्षांनी कोणी यंत्रात घालतो. पडदा उजळतो आणि त्यावर लहानपणी लिहिलेले आपले नाव दिसते. खाली धाकट्या बहिणीचे नाव असते. ती आता दूरच्या गावी राहत असते. पण तिने अर्धवट सोडलेला डाव तेथे तसाच तिची वाट पाहत असतो. बाजारात अशा कॅसेटला काय किंमत येईल, याचा त्या क्षणी कोणी विचार करीत नाही. दुसऱ्या कोणाच्या कॅसेटमध्ये मात्र तीनही जागा रिकाम्या दिसतात. खेळ जसाच्या तसा असतो. फक्त नावे गेलेली असतात.

म्हणूनच ज्यांना ही ठेव मोलाची वाटते, ते वेळीच सावध होतात. जाणकार कारागीर डाख वितळवून जुना सेल काढतात आणि नवा बसवतात. हे करताना प्रवाह क्षणभर जरी तुटला तरी स्मृती पुसली जाते. म्हणून कोणी तेवढ्या वेळापुरती बाहेरून वीज पुरवतात, तर कोणी विशेष उपकरणाच्या साह्याने आतील माहिती आधी संगणकात उतरवून घेतात. स्मृती जपायची, तर ती पुसली जाण्यापूर्वी हालचाल करावी लागते.

महाराष्ट्रातही हे खेळ येऊन पोहोचले, पण निराळ्या वाटेने. 1990 नंतरच्या दशकात फॅमिकॉमची नक्कल करून इतर उत्पादकांनी बनवलेली स्वस्त यंत्रे भारताच्या बाजारात आली. अनेक मराठी घरांत मारिओची ओळख त्यांच्यामुळेच झाली. एका कॅसेटवर शेकडो, कधी हजारो खेळ असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात तेच ते खेळ नाव बदलून पुन्हा येत. यंत्र एक आणि खेळणारे अनेक! ताईचा डाव चालू असताना धाकट्याने मुकाट्याने बसायचे, आणि मारिओ खड्ड्यात पडला की कंट्रोलर त्याच्या हाती यायचा. तेवढ्यात आजोबांची बातम्यांची वेळ होई आणि सारा खेळ आवरावा लागे.

कॅसेट चालली नाही, की मुले ती काढून तिच्यावर जोराने फुंकर घालीत आणि पुन्हा बसवीत. फुंकरीने खेळ सुरू होतो, अशी सर्वांची दृढ समजूत होती. ही समजूत चुकीची होती. कॅसेट काढून पुन्हा घातल्याने धातूच्या पट्ट्या एकमेकींना नीट टेकत आणि खेळ सुरू होई. फुंकरीतील ओलाव्याने उलट त्या पट्ट्या हळूहळू गंजत. मारिओच्या त्या पहिल्या खेळात सेलही नव्हता. रंगात आलेला डाव वीज गेली की संपे आणि ती परतली की पुन्हा पहिल्या पायरीपासून प्रारंभ करावा लागे. त्यामुळे त्या डावांची आठवण यंत्रात राहिली नाही. ती खेळणाऱ्यांच्या मनात आणि बोटांत राहिली. कोणत्या विटेखाली नाणे आहे, कोणत्या नळातून खाली उतरता येते, हे त्या वेळची मुले आज चाळिशीतही अचूक सांगतात.

वडील माणसे या खेळांवर पुष्कळदा रागावत, आणि त्यांचा राग सर्वस्वी अनाठायी होता असे नाही. अभ्यास आणि मैदान विसरून पडद्यापुढे तासन्‌तास बसणे कोणत्याही काळी हिताचे नाही. परंतु या खेळांत कलाही होती, हे पुढे थोर संस्थांनी मान्य केले. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरी ‘द स्ट्राँग’ नावाचे खेळांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याने 2015 साली गौरवासाठी निवडलेल्या पहिल्या सहा व्हिडिओ खेळांत ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ होता. पुढच्या वर्षी ‘झेल्डा’ची निवड झाली. मारिओच्या खेळाचे संगीत कोजी कोंडो यांनी रचले होते. 2023 साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करण्यायोग्य ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचा समावेश केला. व्हिडिओ खेळाच्या संगीताला हा मान त्यापूर्वी कधीही मिळाला नव्हता.

तथापि मारिओचे भाग्य सर्वच खेळांच्या वाट्याला आलेले नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने 2023 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून असे दिसून आले, की 2010 पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी 87 टक्के खेळ बाजारात विकत मिळत नव्हते. यंत्रे बिघडतात, ती दुरुस्त करणारे उरत नाहीत आणि त्यांवरचे खेळ मुके होतात. फॅमिकॉमचेच पाहा. जगभर या यंत्राची 6 कोटींहून अधिक विक्री झाली. तरी 2003 साली निंटेंडोने त्याचे उत्पादन थांबवले. ग्रंथ जुना झाला तरी डोळ्यांनी वाचता येतो. जुना खेळ मात्र चालू स्थितीतील यंत्रावाचून पाहताही येत नाही. म्हणून तो जपण्याचे काम ग्रंथ जपण्यापेक्षाही अवघड आहे.

2 ऑक्टोबर 2024 रोजी क्योटोजवळील उजी या शहरात निंटेंडोने आपले संग्रहालय उघडले. ज्या जुन्या कारखान्यात पूर्वी खेळाचे पत्ते तयार होत, त्याच जागी ते उभे आहे. तेथे जुन्या खेळांसाठी इतके मोठे कंट्रोलर ठेवले आहेत, की एकट्याने ते हाताळणे कठीण. दिशा बदलण्याची कळ एकाने सांभाळायची आणि उडी मारण्याची दुसऱ्याने. लहानपणी ज्या खेळात वडील रमले, तोच खेळ तेथे मुलगी त्यांच्याबरोबर खेळू शकते. दोघांचा मेळ बसला तर मारिओ खड्डा ओलांडतो. नाही बसला तर दोघेही पडद्याकडे पाहून हसतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

स्वाध्याय

1. शिगेरूला गुहेत पुन्हा पुन्हा जावेसे का वाटले असेल?
2. मियामोटो यांच्या बालपणातील कोणकोणत्या गोष्टी त्यांच्या खेळांत उतरल्या?
3. ‘शिलालेख’ आणि ‘पाटी’ हे दृष्टान्त कॅसेटमधील कोणत्या दोन स्मृतींना दिले आहेत? ते समर्पक का आहेत?
4. जुना ग्रंथ जपणे आणि जुना खेळ जपणे यांत कोणता भेद आहे?
5. घरातील वडील माणसांना त्यांच्या लहानपणीच्या एखाद्या खेळाविषयी विचारा आणि त्यांनी सांगितलेली हकीकत दहा-बारा ओळींत लिहा.