कूलरचे पाणी, एसीची वीज

प्रश्न : अकोल्याच्या उन्हाळ्यात पर्यावरणाला जड काय, कूलर की एसी?

उत्तर : विजेच्या हिशेबात एसी. दीड टनी एसीला साधारण दीड किलोवॉट वीज लागते, घरगुती कूलरला सुमारे २०० वॉट. राज्याची बरीचशी वीज पारससारख्या कोळशावरच्या केंद्रांतून येते, त्यामुळे हा फरक मोठाच आहे. पाण्याचा हिशेब मात्र उलटा. कोरड्या वऱ्हाडी हवेत कूलरच्या ताट्यांतले पाणी भराभर उडते. त्यातूनच गारवा मिळतो. हे पाणी अकोल्यात महानच्या काटेपूर्णा धरणाचे, अमरावतीत अप्पर वर्धाचे, आणि तेही नेमके टंचाईच्या दिवसांतले. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याने ताट्यांवर क्षार धरतात, हवा अडते. तरीही वऱ्हाडात कूलरच योग्य. खिडकी किंचित उघडी हवी, टाकी गळकी नको. पावसाळी दमट हवेत तो चालवणे म्हणजे पाणी आणि वीज दोन्ही वाया घालवणे.